हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, समुद्रगुहा आणि जीवना बंदराचा मासळी बाजार: अर्ध्या दिवसाची सहल कशी आखावी

हरिहरेश्वरला येणारी बरीच मंडळी सहल उलट्या क्रमाने आखतात. आधी सुट्टी ठरते, मग निघायची वेळ, मग नाश्ता, मग दर्शन. प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरायची वेळ आली की कुणीतरी विचारतं, "आता भरती आहे का ओहोटी?" तोवर फार उशीर झालेला असतो. निम्मे लोक हिरमुसून परत फिरतात, आणि काही जण तरीही खाली उतरतात. याच खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेली आहेत.

खाली सांगितलेला क्रम मंदिरालगतचा समुद्राकडचा प्रदक्षिणा मार्ग, त्या वाटेवरच्या कड्यातल्या गुहा आणि श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरचा मासळी बाजार, एवढ्यापुरता आहे. दोन्ही ठिकाणं साधारण 20 किलोमीटर अंतरावर आहेत आणि अर्ध्या दिवसात आरामात होतात. आधी गुहा की आधी बाजार, हे मात्र तुमच्या सोयीने ठरत नाही. ते पाणी ठरवतं.

टप्पा 1: आधी तिथी बघा, मग तारीख पक्की करा

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. जून ते सप्टेंबर खालच्या वाटेचं नावही काढू नका. ओहोटी असली तरी पावसाळी लाट कड्यापर्यंत येते आणि खडकावर शेवाळ माजलेलं असतं. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, म्हणजे बंदरावरही फारसं काही नसतं.

हंगामातलाही प्रत्येक दिवस चालत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही 15 धरायच्या. त्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी.

उदाहरणार्थ तृतीया. 3 ची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पहाटे सव्वादोनला भरती आणि सकाळी साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती, दहाला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला अंधारात आणि मग थेट संध्याकाळी साडेपाचला.

आता दुसरी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं: पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. भांगाच्या दिवशी ओहोटीची वेळ साधून गेलात तरी गुहांच्या तोंडाशी पाणी खेळत असतं.

या दोन्हींचा मेळ घातला की सकाळच्या सहलीसाठी सर्वांत चांगले दिवस निघतात ते द्वितीया ते पंचमी. उधाण नुकतंच सरलेलं असतं, पाणी अजून चांगलं खाली जातं आणि ओहोटी उजेडात, उन्हं तापायच्या आत येते. महिन्यातून दोन वेळा असे दिवस मिळतात. त्यातला शनिवार-रविवार शोधा. नाही सापडला तर दुपारची सहल आखा, पण तिथी सोडू नका.

*तपासा:* पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तारीख ठरवायला तो पुरेसा आहे, पाण्याजवळ उतरायला नाही. आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यात श्रीवर्धन किंवा बाणकोट या ठिकाणाची वेळ बघून घ्या. मुंबईच्या वर्तमानपत्रातली वेळ जशीच्या तशी घेऊ नका, ती मुंबईची असते.

टप्पा 2: ओहोटीच्या वेळेपासून उलटं मोजा

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. "ओहोटी साडेआठला" असं कळलं की लोक साडेआठला पायऱ्या उतरायला लागतात. वास्तविक साडेआठला तुम्ही वाट संपवून वर आलेलं असायला हवं. पूर्ण ओहोटीनंतर पाणी वळतं आणि त्यानंतरचं प्रत्येक मिनिट तुमच्या विरुद्ध जातं.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात घ्या. सहा तासांत समजा ते 3 मीटर चढणार असेल, तर पहिल्या तासात साधारण 25 सेंटिमीटर, दुसऱ्यात 50, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 75, मग पुन्हा 50 आणि 25. पहिल्या तासात काहीच फरक पडलेला दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो, फोटो काढत बसतो. मग मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून येतं.

खडकावरची वाट न थांबता चाललात तर तासाभरात होते. गुहा बघत, मुलांना सांभाळत, दम खात दीड तास धरा. म्हणून उतरायची वेळ काढायचं सूत्र असं: पूर्ण ओहोटीच्या पावणेदोन तास आधी पायऱ्यांच्या माथ्यावर. त्यातली पंधरा मिनिटं पाणी बघण्यात जातील, दीड तास वाटेत, आणि ओहोटी पूर्ण होताना तुम्ही वाळूवर.

तृतीयेचं वेळापत्रक मग असं बसतं. पावणेसातला माथ्यावर. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास असतो, म्हणजे पाणी बघून होईतो चांगलं उजाडलेलं असतं. साडेआठला वाट पूर्ण. दर्शन, नाश्ता, आणि दहाच्या आसपास जीवना बंदर. बारापर्यंत मोकळे.

पंचमीला माथ्यावर सव्वाआठला. अष्टमीला साडेदहाला, म्हणून आधी बाजाराची नुसती फेरी मारायची, मासळी घ्यायची नाही, आणि मग गुहा. पौर्णिमेला दुपारी पावणेचारला. तेव्हा बाजार सकाळी वेगळा करावा लागतो आणि अर्ध्या दिवसाची सहल उरत नाही. एकाच दिवसासाठी आलेल्यांनी पौर्णिमा-अमावास्या टाळलेलीच बरी.

थांबा: ठरलेल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला, तर पूर्ण वाट रद्द. "भराभर चालू" हा त्यावरचा उपाय नाही. ओल्या खडकावर भराभर चालता येत नाही.

टप्पा 3: आदल्या संध्याकाळची चौकशी

मुक्कामाच्या घरी तीन गोष्टी विचारून घ्या. वाट सध्या खुली आहे का? उद्या जीवन्याला होड्या कधी लागणार? आणि तुमच्या स्वयंपाकघरात मासळी चालते का?

तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग दोन किलो कोळंबी घेऊन दारात उभे राहतात. हरिहरेश्वरात मंदिराच्या आसपासची बरीच घरं आणि खानावळी शाकाहारी आहेत. तिथे मासळी आत नेणं म्हणजे यजमानांना अडचणीत टाकणं. मासळी शिजवून हवी असेल तर तसं घर आधीच शोधा. श्रीवर्धनला ते सोपं जातं.

होड्यांची वेळ छापील मिळत नाही. वारा, पाणी, जाळ्याचा प्रकार यावर ती बदलते. रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्याची मासेमारी मोठी आहे आणि डोल चालते ती पाण्याच्या ओढीवर. उधाणात ओढ जोरदार, म्हणून बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी चांगली येते. भांगात ओढ मंदावते आणि बाजारही मंदावतो. द्वितीया ते पंचमी निवडायचं हे आणखी एक कारण. शिमग्याच्या दिवसांत बहुतेक होड्या किनाऱ्यावरच असतात, तेव्हा बाजाराची फार आशा धरू नका.

त्याच संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा. दूर समुद्रात वादळ असलं की इथे आकाश निरभ्र, वारा शांत, आणि तरीही लाट मोठी येते. किनाऱ्यावरून अंदाज येत नाही. इशारा असेल तर गुहा रद्द, बाजार चालू.

टप्पा 4: वाटाड्या कसा निवडावा

वाट सापडत नाही म्हणून वाटाड्या घ्यायचा नाही. वाट सरळ आहे. तो घ्यायचा पाणी ओळखण्यासाठी, कुठून वर चढता येतं हे माहीत असलेला माणूस सोबत असावा म्हणून. मुक्कामाच्या घरूनच ओळखीचा कुणी मिळतो का बघा. समुद्रावर जाणारा किंवा कालवं काढायला खडकात उतरणारा असेल तर उत्तम.

त्याची पारख एका प्रश्नात होते. "दादा, उद्या किती वाजता निघायचं?" असं विचारा. जो तुम्हालाच "तुम्ही सांगाल तेव्हा" म्हणेल, तो नको. जो तिथी बोलेल, पाण्याची वेळ सांगेल आणि "त्याच्या पुढे नाही जमणार" असं ठणकावेल, तो तुमचा माणूस. पैसे आधी ठरवा आणि एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगा: वाटेतून मागे फिरावं लागलं तरी ठरलेले पैसे पूर्ण मिळतील. हे सांगितल्याने त्याला परत फिरायचा निर्णय मोकळेपणाने घेता येतो. या सगळ्या सहलीत इतका स्वस्तातला विमा दुसरा नाही.

आठ माणसांमागे एक वाटाड्या. पंधराजणांचा घोळका एकामागे सोडू नका.

टप्पा 5: सामान आणि कुणी उतरायचं

पायात खोल नक्षीच्या रबरी तळाचे, घट्ट बांधता येणारे बूट. चप्पल, क्रॉक्स, नवे गुळगुळीत तळाचे बूट चालत नाहीत. अनवाणीही नको, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि ती जखम लवकर भरत नाही. मंदिराच्या आवारात पादत्राणं काढावी लागतात, म्हणून बूट पिशवीत घेऊन पलीकडे घाला.

पाठीवरची छोटी सॅक, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. त्यात माणशी एक लिटर पाणी, शिट्टी, पंधरा मीटर दोरी, जखमेवर बांधायची पट्टी, बॅटरी, आणि मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. झाकण घट्ट लावलेली रिकामी मोठी बाटलीही ठेवा. कुणी पाण्यात पडलं तर दोरीला बांधून फेकायला ती कामी येते.

पायऱ्या तीव्र उताराच्या आहेत. गुडघेदुखी, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर वरूनच समुद्र बघा. दहा वर्षांखालच्या मुलांना मी खाली न्यायचं नाही असंच सांगेन. मूल अंगावर घेऊन या खडकांवर तोल सावरता येत नाही. दारू घेतलेल्या माणसाला तर पायऱ्यांपर्यंतही येऊ देऊ नये.

वर थांबणाऱ्यांपैकी एकाला परतीची वेळ सांगून ठेवा. खाली कड्याला लागून मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात वर आलो नाही तर त्याने 112 ला फोन करायचा. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक 1554 आहे. दोन्ही त्याच्या मोबाईलमध्ये आधीच नोंदवून द्या.

टप्पा 6: माथ्यावर थांबून पाणी बघा

मंदिराच्या बाजूने पायऱ्या चढून गेलं की दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्या सरळ समुद्राकडे उतरतात. घळीच्या टोकाला चौकटीत बसवल्यासारखा समुद्र दिसतो. इथेच सगळ्यांचे मोबाईल बाहेर निघतात आणि इथेच थांबायचंही असतं, मात्र फोटोसाठी नाही.

खालचा एक ठळक खडक निवडा आणि दहा मिनिटं त्याच्याकडे बघत राहा. लाटा एकसारख्या येत नाहीत. सात-आठ लहान लाटा येतात, मग दोन-तीन मोठ्या, मग पुन्हा शांत. पहिल्या दोन मिनिटांत दिसतं ते फसवं असतं. मोठ्या लाटेचं पाणी कुठवर आलं ते लक्षात ठेवा. जिथून चालायचं ती पट्टी त्या मोठ्या लाटेनेही भिजत नसेल तरच उतरा.

थांबा: खालून फेस उडून कड्यावर आपटताना दिसला, किंवा वाटाड्याने नुसतं "बघू या" म्हटलं, तरी उतरू नका. फलक लावून वाट बंद केली असेल तर प्रश्नच नाही.

टप्पा 7: खडकावरून चालणं

पायऱ्या संपल्या की प्रदक्षिणेच्या दिशेने वळा: उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र. पायाखाली लाटांनी कापून सपाट केलेला काळ्या कातळाचा ओटा आहे. कड्याच्या अंगाला वाऱ्या-पाण्याने आणि मिठाने पोखरून मधाच्या पोळ्यासारखी जाळी झाली आहे. त्या जाळीला हाताने लोंबकळू नका, तिच्या कडा तुटतात.

पाऊल कुठे टाकायचं हे रंगावरून ठरवा. कोरडा, राखाडी, खरखरीत खडक सर्वांत चांगला. पांढऱ्या बारीक शंखांचा थर असलेला खडक ओला असला तरी पकड देतो, पण तिथे पडलात तर हातपाय सोलवटतात. हिरवा खडक घसरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. फसवतो तो काळा चकचकीत खडक. त्यावरचं शेवाळ रंगाने खडकातच मिसळलेलं असतं आणि बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. शंका आली की वाकून हात लावा. बुळबुळीत लागलं तर वळसा घाला.

हाच रंग पाण्याची रेघही सांगतो. कड्याच्या पायथ्याशी बघा: खालचा भाग काळपट ओला, त्यावर शंखांचा पांढरट पट्टा, त्याच्या वर कोरडा खडक, आणि आणखी वर गवत. पांढऱ्या पट्ट्याची वरची कड म्हणजे भरतीचं पाणी नेहमी पोचतं ती जागा. ती तुमच्या डोक्याच्या वर असेल, तर तुम्ही आत्ता उभे आहात तिथे काही तासांनी डोक्यावरून पाणी असेल. प्रत्येक वळणावर ही रेघ शोधायची सवय लावा.

चालताना कड्याच्या बाजूने, एका ओळीत, वाटाड्याच्या मागे. पुढच्या माणसाने पाऊल उचललं की तुम्ही तिथे टाकायचं. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही. पाण्याच्या कडेचा तो शेवटचा खडक, ज्यावर उभं राहून फोटो छान येतो, तोच मोठ्या लाटेचा खडक असतो.

वाटेत खडकातल्या कुंडांना तीर्थांची नावं आहेत: गायत्री, पांडव, नाग, कमंडलू. पाणी घेताना किंवा नमस्काराला वाकताना सोबतच्या एकाने समुद्राकडे तोंड करून उभं राहावं. श्रद्धेने वाकलेल्या माणसाला लाट दिसत नाही.

*तपासा:* निम्मी वाट झाली की घड्याळ बघा. पाऊण तासापेक्षा जास्त लागला असेल तर आता गुहांसाठी थांबायचं नाही, सरळ पुढे चालायचं.

टप्पा 8: गुहेजवळ

कातळाला जिथे उभी चीर असते तिथे लाट घुसते, आतली हवा दाबली जाते, आणि लाट मागे फिरली की ती हवा झटक्यात सुटते. वर्षानुवर्षं हे झालं की चिरेची कपार होते आणि कपारीची गुहा. ही क्रिया थांबलेली नाही. छतातले दगड सैल असतात, आणि ज्या गुहेत आज कोरडं आहे तिथे भरतीला लाट छतापर्यंत जाते.

म्हणून आधी तोंडाशी उभं राहून जमीन बघा. आतली वाळू किंवा गोटे ओले, चमकदार असतील आणि त्यांच्यावरून पाण्याचे ओघळ परतत असतील, तर लाट अजूनही आत येते आहे. आत जायचं नाही. जमीन कोरडी असेल तर छत बघा. ताज्या फुटीचा फिकट, तीक्ष्ण कडांचा खडक वर दिसला आणि तसेच तुकडे खाली पडलेले असले, तर बाहेरूनच बघा.

दोन्ही ठीक असेल तर दोघं-तिघं आत, बाकीचे बाहेर. एक जण पाण्यावर नजर ठेवून. उजेड पोचतो तेवढंच आत जायचं आणि पाच मिनिटांत बाहेर यायचं. आत ओरडून घुमारा ऐकायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्या आवाजात बाहेरची शिट्टी ऐकू येत नाही. आतून ढोल वाजल्यासारखा आवाज आला तर तो लाटेने दाबलेल्या हवेचा असतो. ऐकू येताच निघा.

शंख, खेकडे, कुंडातले मासे जिथे आहेत तिथेच राहू द्या. मोठा दगड उलटून खाली काय आहे ते बघितलंत तर तो परत होता तसा ठेवा. त्याखालचे जीव उन्हात अर्ध्या तासात मरतात.

टप्पा 9: पाणी अडवू लागलं तर

पुढची वाट पाण्याखाली गेलेली दिसली तर गुडघाभर पाण्यातूनही पार करू नका. गुडघाभर पाणी लाटेच्या ओढीने धडधाकट माणसाला पाडतं. मागे फिरा. मागचीही वाट गेली असेल तर वर चढा, पांढऱ्या पट्ट्याच्या वर, शक्यतो गवत उगवलेल्या टप्प्यापर्यंत. तिथे बसून राहा, शिट्टी वाजवा, हात हलवा. भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला कित्येक तास लागतील, ते बसून काढा. बसून राहिलेला माणूस सापडतो.

कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. बाटली बांधलेली दोरी फेका आणि त्याला खडकापासून लांब, मोकळ्या पाण्यात तरंगत राहायला सांगा. लाट खडकावर आपटवते, ते जास्त घातक असतं.

टप्पा 10: जीवना बंदरावर

वाट संपल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, जखमा साबणाने धुवा, खा, आणि श्रीवर्धनकडे निघा. सुटे पैसे जवळ असू द्या. मोबाईलवरून पैसे देता येतात, पण ओल्या हाताने मासळी विकणाऱ्या मावशींना मोबाईल धुंडाळायला लावण्यापेक्षा पन्नास-शंभराच्या नोटा बऱ्या. बर्फाची पेटी आधीच गाडीत हवी.

बंदरावर दोन बाजार असतात आणि नवखे लोक त्यांची गल्लत करतात. होडीतून टोपल्या उतरल्या की लिलाव लागतो. तो व्यापाऱ्यांचा. टोपलीच्या टोपली, भराभर आकडे, आणि बोली लावणाऱ्यांना लिलाववाल्याची खूण कळते. तुम्ही कडेला उभं राहून बघा. डोक्यावर टोपली घेतलेला माणूस येत असेल तर आधी वाट सोडा. मधे उभं राहून कशाकडे बोट दाखवू नका, उगाच गोंधळ होतो.

दुसरा बाजार बाजूला बसलेल्या कोळणींचा. आपण इथून घ्यायचं. मासळी वाट्यावर असते, मोठी सुरमई किंवा रावस नगावर किंवा वजनावर. आधी सगळीकडे एक फेरी मारा, भाव नुसता ऐका, मग घ्या. "मावशी, वाटा केवढ्याला?" एवढंच विचारा. घ्यायचं नसेल तर मासळी हाताळत बसू नका. भाव थोडा कमी होतो, निम्मा होत नाही. निम्म्याने मागणं अपमान वाटतो, आणि रात्र समुद्रात काढलेल्या घरच्या माणसाची ती कमाई असते. फोटो विचारून काढा. नाही म्हटलं तर विषय संपला.

टप्पा 11: मासळीची पारख

बंदरावर आहे म्हणून सगळं ताजं, हा गैरसमज आहे. काही होड्या दिवसेंदिवस बाहेर असतात आणि त्यांची मासळी बर्फातून येते. ती वाईट नसते, फक्त भाव वेगळा असायला हवा. सरळ विचारा, "आजचं का बर्फातलं?" बहुतेक जणी खरं सांगतात.

डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला आणि दुधाळ नको. कल्ला उचलून बघा: लालभडक चांगला, तपकिरी वाईट. पोट बोटाने दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबल्यावर पांढरा चीक आला तर ताजं, पिवळट किंवा लालसर पाणी आलं तर सोडा. बोंबील मुळातच मऊ, त्याला दाबून काही कळत नाही. त्याची चकाकी आणि तोंडाजवळचा गुलाबीपणा बघा.

बांगड्याच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. बांगडा उन्हात, बर्फाविना राहिला तर त्यात असा घटक तयार होतो जो शिजवूनही जात नाही. अंग लाल होणं, खाज, डोकेदुखी त्यातूनच. आडवा धरल्यावर ताठ राहतो तो बांगडा घ्या, लोंबतो तो नको.

चिंबोरी जिवंत आणि आकाराच्या मानाने जड असावी. हलकी म्हणजे आत मांस कमी. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात. उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली नाही तर काढून टाका.

पापलेटची पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण हाताच्या मधल्या बोटापासून मनगटाच्या अलीकडे. त्याहून लहान पापलेट एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेलं असतं. आपण घेतलं नाही तर ते पकडण्यात फायदा उरत नाही.

टप्पा 12: घरी नेणं

लांबचा प्रवास असेल तर मासळी तिथेच साफ करून घ्या, पोटातली घाण काढायला सांगा, पण तुकडे घरी करा. कापलेला तुकडा अख्ख्या माशापेक्षा लवकर उतरतो. बंदरातल्या पाण्याने धुवून घेऊ नका, पिण्याच्या पाण्याने धुवा.

पेटीत जेवढी मासळी तेवढाच बर्फ, वजनाने. खाली बर्फाचा थर, मग मासळी, मग बर्फ. नुसता वर बर्फ टाकला तर खालची मासळी वितळलेल्या पाण्यात भिजत राहते आणि मऊ पडते. पेटीला भोक नसेल तर तळाला जाळी किंवा उलटी ताटली ठेवा आणि वाटेत एकदा पाणी ओतून टाका. चिंबोऱ्या बर्फात नाही, पाण्यातही नाही: ओल्या गोणपाटात, हवा लागेल अशा.

सुकी मासळी घेत असाल तर सोडे आणि सुके बोंबील हातात घेऊन वाकवा. कडक असतील, मुठीत ओल लागत नसेल, तरच घ्या. जवळा मूठभर पांढऱ्या कागदावर पसरून वाळू आहे का बघा. दोन पिशव्या, मधे वर्तमानपत्र, आणि डिकीत. घरी गेल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवून मगच बरणीत भरा.

आणि मासळी घेतल्यावर "आता पुन्हा एकदा खाली गुहेकडे जाऊन येऊ" असं कुणी म्हणालं, तर घड्याळ दाखवा. दुपारी भरती चढत असते.